दाट वेलींतील मरळ आणि आंखूड दोरीचा गळ

शेतकऱ्याच्या पाण्याचा हिशेब सामान्यतः पिकांच्या पाळ्यांवर होतो. त्या पाण्यांत काय जगतें आणि काय मरतें, याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. परंतु ज्यांनीं आपल्या शेततळ्यांत किंवा पाझरतळ्यांत रोहू, कटला, मृगळ यांचें बीज सोडिलें आहे, त्यांपैकीं पुष्कळांस एक अनुभव येतो. श्रावणांत हजारों बोटुकलीं मोजून घ्यावीं, माघांत मोठ्या आशेनें जाळें ओढावें, आणि हातीं लागावे मोजकेच मासे. बीज विकणाऱ्यानें फसविलें, असा संशय मग येतो. तो संशय कधीं खराहि असेल. परंतु पुष्कळ वेळां बोटुकलीं खाणारा चोर तळ्याच्या कांठींच, पाणकणसांच्या मुळांशीं, निवांत बसलेला असतो. तो चोर म्हणजे मरळ.

या मरळीस दाट वनस्पतींतून बाहेर कसें काढावें, हा या लेखाचा विषय आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: जेथें जाळें चालत नाहीं आणि विष घालणें हा अपराध आहे, तेथें आंखूड दोरीचा गळ हेंच योग्य हत्यार होय. तें स्वस्त आहे, पाणी बिघडवीत नाहीं, आणि नको असलेलाच मासा वेंचून काढतां येतो. मात्र त्यास थोडी कला व बराच संयम लागतो.

पूर्णेकडील पाणी

परभणी जिल्ह्यांतील पूर्णा तालुका या बाबतींत चांगलें उदाहरण आहे. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावलेली पूर्णा नदी या गांवाजवळून वाहत जाऊन पुढें गोदावरीस मिळते. नदीच्या वरच्या अंगास येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें १९६० ते १९७० या दशकांत पुरीं झालीं आणि त्यांचें पाणी कालव्यांनीं परभणी, हिंगोली व नांदेड या जिल्ह्यांतील काळ्या जमिनीस मिळूं लागलें. कालव्याचा पाझर ज्या नाल्यांत उतरतो, तेथें उन्हाळ्यांतहि ओल टिकते. जेथें ओल टिकते तेथें लव्हाळा, पाणकणीस आणि बेशरम यांची दाटी होते. त्यांत जलपर्णीची भर पडली कीं पाणी दिसेनासेंच होतें. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेंतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमार्गें आपल्या देशांत आली आणि आतां ती कोणत्याहि संथ पाण्यास परकी राहिलेली नाहीं.

पूर्णा हें मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील जंक्शन असून येथून हिंगोली-अकोल्याकडे फांटा जातो. लोहमार्गाच्या भरावासाठीं माती उचललेले खड्डे, नदीचे उथळ होत गेलेले डोह, वापरांतून गेलेल्या विहिरी आणि मातीचीं शेततळीं, हीं सर्व मरळीचीं घरें होत. प्लॅस्टिकचें अस्तर घातलेल्या तळ्यांत तिला आडोसा कमी मिळतो. पण शेजारच्या नाल्यांतून पावसाळ्यांत ती तेथेंहि येऊन पोंचते.

मरळीचा स्वभाव

गळ टाकण्यापूर्वीं मासा ओळखला पाहिजे. आपल्याकडे जिला सामान्यतः मरळ म्हणतात, तिचें शास्त्रीय वर्णन ब्लॉक या जर्मन शास्त्रज्ञानें १७९३ सालीं केलें. अंग लांबट व गोल, डोकें सापासारखें चपटें, तोंड मोठें आणि दांत तीक्ष्ण. तेलंगणांत हिला कोर्रमीनु म्हणतात आणि त्या राज्याचा तर हा राज्यमासाच आहे. मृग नक्षत्र लागतें त्या दिवशीं हैदराबादेस दम्याच्या रोग्यांस औषध भरलेलें मरळीचें जिवंत पिलूं गिळावयास देतात, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्या औषधाचा गुण वैद्यकशास्त्रानें सिद्ध मानलेला नाहीं. परंतु त्यांत मरळच निवडली जाते यावरून तिच्या चिवटपणाची ख्याति दिसून येते.

या चिवटपणाचें कारण असें कीं, मरळ केवळ कल्ल्यांवर जगत नाहीं. तिच्या डोक्यांत कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची एक पोकळी असते. म्हणून तिला कांहीं कांहीं मिनिटांनीं पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. हा घोट तिला घेऊं दिला नाहीं, तर ती पाण्यांत असूनहि गुदमरते. उलट, जलपर्णीनें झांकलेल्या आणि कुजक्या पाण्यांत, जेथें रोहू-कटला तग धरीत नाहींत, तेथें ती सुखानें राहते. उन्हाळ्यांत तळें आटलें तर ती ओल्या गाळांत दडून बसते. पावसाळ्यांत ओल्या गवतावरून सरपटत ती एका डबक्यांतून दुसऱ्यांत जाते.

हिचें अन्न म्हणजे लहान मासे, बेडूक, किडे आणि सांपडल्यास उंदीरहि. परंतु ती पाठलाग करणारी शिकारी नव्हे, दबा धरणारी आहे. पाण्यांतील वेलींच्या सांवलींत ती निश्चल राहते आणि टप्प्यांत आलेल्या भक्ष्यावर एकाच झेपेंत तुटून पडते. हा टप्पा फार तर दोन-तीन हातांचा असतो. या एका गोष्टीवर पुढील सर्व रीत अवलंबून आहे. लांब दोर फेकून आमिष दूरवर नेण्यांत येथें अर्थ नाहीं. आमिष तिच्या दाराशींच, आवाज न करितां, ठेवतां आलें पाहिजे.

जाळें, पेंड आणि विष

जाळ्याचें काम मोकळ्या पाण्यांत. ओढजाळें पाणकणसांत अडकून फाटतें आणि फेकजाळें जलपर्णीवर पसरून राहतें. त्याखालून मरळ निघून जाते. तळें उपसावें म्हटलें, तर वैशाखांत पाणी उपसून टाकणें हें शेतकऱ्यास परवडणारें नाहीं, आणि उपसल्यावरहि गाळांत दडलेली मरळ राहूनच जाते.

मत्स्यशास्त्रज्ञ बीज सोडण्यापूर्वीं तळें साफ करण्यासाठीं मोहाची पेंड घालण्यास सांगतात. हेक्टरी दोन ते अडीच हजार किलो असें तिचें प्रमाण असतें, आणि तिचा विषारी गुण उतरण्यास दोन-तीन आठवडे थांबावें लागतें. हा उपाय शास्त्रीय असला तरी तो सरसकट सर्व मासे मारणारा आहे. ज्या तळ्यांत पूर्वीचे मोठे मासे ठेवावयाचे आहेत, किंवा ज्यावर जनावरें पाण्यास येतात, तेथें तो उपयोगी नाहीं.

राहिलें विष, सुरुंग आणि विजेची तार. पिकांवर फवारावयाचीं औषधें डोहांत ओतणें हा प्रकार गांवोगांव ऐकूं येतो. त्यानें मरळ मरते, तशींच तिच्याबरोबर लहान मासळी, बेडूक आणि गोगलगाईहि मरतात. त्या पाण्यावर आलेलीं गुरें दगावतात. आणि तो मासा ज्याच्या ताटांत जातो त्याच्या पोटांतहि तें विष जातें. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणें हा १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानें गुन्हा ठरविला आहे. मोटरपंपाची तार पाण्यांत सोडणें तर आत्मघाताचेंच काम होय. मासा मरो न मरो, तार धरणारा मरतो.

काठी व दोर

आतां आमच्या विषयाचें मुख्य साहित्य पाहूं. काठी मानवेल जातीच्या भरीव वेळूची असावी. लांबी आठ हात, म्हणजे सुमारें बारा फूट. यापेक्षां लांब काठी वेलींत सांभाळतां येत नाहीं, आणि आंखूड असल्यास माणसाची सांवली पाण्यावर पडते. वेळू थंडीच्या दिवसांत तोडून सांवलींत वाळवावा. वांक असल्यास निखाऱ्यावर शेकून सरळ करावा आणि जवसाचें तेल चोळावें. शेंडा अगदीं बारीक व लवचीक नको. दाटींतील मासा खेळवावयाचा नसतो, उचलावयाचा असतो. म्हणून शेंडा करंगळीएवढा तरी जाड ठेवावा.

दोर निदान पंधरा किलो वजन पेलणारा घ्यावा. जाड तंगूस चालते, परंतु विणीची नायलॉन दोरी अधिक चांगली. ती ताणत नाहीं आणि देंठांवर घांसून लवकर तुटत नाहीं. दोर केवळ शेंड्यास बांधूं नये. तो काठीच्या मध्यापासून शेंड्यापर्यंत चार ठिकाणीं सुतानें आवळून न्यावा आणि मग शेंड्यावर गांठ द्यावी. म्हणजे शेंडा मोडला तरी मासा व दोर हातचे जात नाहींत.

बनावटी बेडूक

मरळीस बेडकाचें आमिष लागतें हें सर्वांस माहीत आहे, आणि पुष्कळ लोक जिवंत बेडूक गळास टोंचतात. आम्ही तसें करण्यास सांगत नाहीं. ज्याच्या शेतांत कपाशी व सोयाबीन आहे, त्यानें बेडूक मारणें म्हणजे पिकांवरील किडे खाणारा आपला फुकटचा गडी मारणें होय. बेडकांच्या तंगड्या परदेशीं पाठविण्याचा व्यापार भारत सरकारनें १९८७ सालीं बंद केला, त्याच्या मुळाशींहि बेडकांची घटती संख्या हीच चिंता होती. शिवाय बनावटी बेडूक वेलींत जास्त चांगला चालतो, कारण त्याचा गळ झांकतां येतो.

पांगाऱ्याचें लांकूड अगदीं हलकें असतें. त्याचा अंगठ्याएवढा तुकडा घेऊन पोटाकडे चपटा व पाठीकडे गोल करावा. मागील अंगास सायकलीच्या जुन्या ट्यूबच्या दोन बारीक पट्ट्या पायांसारख्या लावाव्यात. पोटाशीं दोन टोंकांचा गळ असा बसवावा कीं दोन्ही टोंकें वर, पाठीकडे वळलेलीं राहतील. बारीक पोलादी तारेचे दोन तुकडे तोंडाकडून आणून टोंकांवर टेकवावेत. पानांवरून ओढतांना ही तार टोंकांचें रक्षण करिते. माशानें तोंड दाबलें म्हणजे ती खालीं दबते आणि गळ उघडा पडतो. रंग काळपट हिरवा, पोट पांढुरकें. रंगाविषयीं फार चिंता करूं नये. खालून पाहणाऱ्या माशास आकृति व हालचाल दिसते.

पाण्याजवळ जाणें

या कामांत जितके मासे गळ चुकून जातात, त्याहून अधिक पावलांच्या आवाजानें जातात. माशास अंगाच्या दोन्ही बाजूंवरील रेषेनें पाण्यांतील बारीक कंपहि कळतो. वाळलेल्या काळ्या मातीवर टांच आपटून चाललें तर तो हादरा पाण्यांत उतरतो. म्हणून पाऊल सपाट व सावकाश टाकावें. सूर्य पाठीशीं नसावा, नाहींतर माणूस पाण्याजवळ पोंचण्यापूर्वींच त्याची सांवली तेथें जाऊन पडते. कपडे मळकट रंगाचे असावेत. पांढरें धोतर व पांढरा फेटा या कामास बरा नव्हे.

कांठाशीं येतांच गळ सोडूं नये. प्रथम अर्धी घटका बसून पाहावें. जलपर्णीच्या किंवा कमळांच्या पानांत कोठेंकोठें ताटाएवढ्या मोकळ्या जागा असतात. मरळ घोट घेण्यास तेथेंच येते. एखाद्या ठिकाणीं हलकासा ‘चुबुक’ असा आवाज होतो आणि दोन-तीन बुडबुडे उमटतात. वारा नसतांना पाणकणसाचा एखादा देंठ हलतो. अशा जागा ध्यानांत ठेवाव्यात. मरळ बहुधा एकाच जागीं पुनः पुनः वर येते.

गळ सोडण्याच्या तीन रीती

पहिली रीत टेकविण्याची. ही सर्वांत जुनी व सोपी. शेंड्यापासून दोन-अडीच हात दोर लोंबता ठेवावा. काठी हळूहळू पुढें करून शेंडा त्या मोकळ्या जागेच्या बरोबर वर आणावा आणि बेडूक पाण्यास नुसता टेकेल इतका खालीं सोडावा. टेकवावा, उचलावा, पुनः टेकवावा. पांच-सहा वेळां असें करून मग दुसऱ्या जागेकडे वळावें. वर बाभळीच्या फांद्या किंवा बेशरमीचीं झुडपें असतील तर दोर शेंड्याभोंवतीं गुंडाळून घ्यावा, काठी फांद्यांतून भाल्यासारखी आंत सारावी, आणि मग मुठींत काठी उलट फिरवून दोर उलगडावा. बेडूक फांद्यांच्या आंत अलगद उतरतो. जेथें दुसऱ्या कोणत्याहि रीतीनें आमिष पोंचत नाहीं, तेथें ही युक्ति चालते.

दुसरी रीत झोक्याची. जागा आठ-दहा हातांपलीकडे असेल तेव्हां ही वापरावी. येथें दोर काठीहून एक हात कमी असा ठेवावा. बेडूक डाव्या तळहातावर कमरेच्या उंचीस धरावा, दोर ताठ ठेवावा आणि शेंडा पाण्याकडे झुकवावा. मग उजव्या मनगटानें शेंडा किंचित् वर उचलीत त्याच क्षणीं डाव्या हातांतील बेडूक सोडून द्यावा. फेंकावयाचा नाहीं, केवळ सोडावयाचा. तो पाळण्याच्या झोक्यासारखा खालून पुढें जातो, पाण्यावर एक वीत उंचीनें सरकतो, आणि झोका संपतां संपतां शेंडा थोडा वर घेतला म्हणजे जागच्या जागीं ‘टप्’ असा उतरतो. वरून गोलाकार फेंकलेलें आमिष ‘धप्प’ असें पडतें, त्यानें मासा दचकतो. ‘टप्’ आणि ‘धप्प’ यांतील अंतर हेंच या रीतीचें सर्व शिक्षण होय. अंगणांत सुपावर किंवा परातींत बेडूक उतरविण्याचा सराव आठ दिवस केला तर हात बसतो.

तिसरी रीत हातदोराची. ज्यांच्याकडे चरखी व कड्या बसविलेली विकत मिळणारी काठी आहे, त्यांनीं ही करावी. चरखीच्या पुढील दोर डाव्या हातानें दीड हात बाजूस ओढून धरावा. शेंड्यापासून लोंबणारा बेडूक आपल्याकडे एकदां झुलूं द्यावा, आणि तो पुढें जाऊं लागतांच डाव्या हातांतील दोर कड्यांतून सैल जाऊं द्यावा. बेडूक जागेवर पोंचेपर्यंत डावा हात दोर सोडून देत नाहीं, म्हणून नेम चुकत नाहीं. एका जागेहून दुसऱ्या जागीं जाण्यास चरखी फिरवावी लागत नाहीं, त्यामुळें घटकाभरांत पुष्कळ जागा पाहून होतात.

या रीती केवळ आपल्याकडच्याच आहेत असें नाहीं. अमेरिकेंत बास नांवाचा मासा आपल्या मरळीप्रमाणेंच पाण्यांतील गवतांत व बुडालेल्या झाडांत दबा धरून राहतो. कॅलिफोर्नियांतील डी थॉमस या मनुष्यानें १९७० नंतरच्या दशकांत लांब काठी व आंखूड दोर घेऊन त्यास दाटींतून काढण्याची रीत मासेमारीच्या शर्यतींत आणली आणि ती तिकडे ‘फ्लिपिंग’ या नांवानें प्रसिद्ध झाली. आपल्याकडील मासेमारीवर मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस यांनीं लिहिलेलें ‘द रॉड इन इंडिया’ हें पुस्तक मंगळूर येथें १८७३ सालींच निघालें. त्यांतहि मरळीचा विचार आहे. देश व मासा निराळा असला तरी दाटींत दबा धरणाऱ्या माशाकडे जवळूनच गेलें पाहिजे, हा नियम सर्वत्र एकच आहे.

मासा लागल्यावर

मरळ बेडूक घेते तेव्हां पाणी फुटल्यासारखा आवाज होतो. नवख्या मनुष्याचा हात त्याच क्षणीं वर जातो आणि बेडूक माशाच्या तोंडांतून निसटून येतो. म्हणून शेंडा प्रथम वीतभर खालीं द्यावा, मनांत ‘एक, दोन’ म्हणावें, आणि मग दोन्ही हातांनीं काठी सरळ वर उचलावी. आडवी ओढूं नये; आडवी ओढली कीं मासा देंठांत शिरतो आणि दोर गुंडाळून घेतो. तोंड एकदां पाण्यावर आलें कीं तें पुनः खालीं जाऊं देऊं नये. पानांवरून घसरत तिला तशीच कांठावर आणावी.

मासा वेलींत अडकलाच, तर दोर ताठ ठेवून थोडा वेळ थांबावें. ती हवेसाठीं वर येण्यास धडपडते, तेव्हां पुनः उचलावें. तिच्यामागें पाण्यांत उडी टाकूं नये. जलपर्णीच्या मुळांत चांगला पोहणाराहि गुरफटतो, आणि काळ्या मातीच्या गाळांत पाय रुततो. अस्तर घातलेल्या शेततळ्याचा कांठ तर ओला झाला म्हणजे साबणासारखा असतो. तेथें कांठाशीं जाड दोरखंड बांधून आंत सोडलेला असावाच. दाट गवतांत घोणस व नाग असतात, म्हणून हात घालण्यापूर्वीं काठीनें गवत झोडपावें. एकट्यानें जाऊं नये.

मरळ ओल्या फडक्यानें डोक्याच्या मागें धरावी आणि गळ चिमट्यानें काढावा. तिच्या तोंडांत बोट घालूं नये. ओल्या गोणपाटांत ती पुष्कळ वेळ जिवंत राहते. जिवंत मरळीस बाजारांत इतर गोड्या पाण्यांतील बहुतेक माशांहून चांगला भाव येतो, कारण तिच्यांत बारीक कांटे कमी असतात. तेव्हां ज्या चोरानें बोटुकलीं खाल्लीं, त्याच्याकडून थोडी भरपाईहि होते.

केव्हां धरावें, केव्हां सोडावें

पौषाच्या थंडींत मरळ सुस्त असते. फाल्गुनापासून ती हलूं लागते, आणि वैशाख-ज्येष्ठांत, पाणी खालीं गेलेलें असतांना, सकाळीं उजाडतां उजाडतां व सायंकाळीं ऊन कलल्यावर, ती सर्वांत चांगली लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीनेंहि हाच काळ सोईचा. पेरणी अजून आलेली नसते, मरळीनें अंडीं घातलेलीं नसतात, आणि बीज सोडण्यास दोन महिने अवकाश असतो. ज्यास आपलें तळें साफ करावयाचें आहे त्यानें तें काम मृगापूर्वीं उरकावें. त्यानंतर बांधावर हातभर उंचीची जुन्या जाळ्याची आड लावावी, आणि पाणी आंत येण्याच्या तोंडाशीं बारीक जाळी बसवावी; म्हणजे नाल्यांतून नव्या मरळी येणार नाहींत.

पाऊस लागला म्हणजे मरळीची जोडी वेलींत थोडी जागा साफ करून पिवळसर, तरंगतीं अंडीं घालिते. तीं हजारोंच्या हिशेबांत असतात आणि एक-दोन दिवसांतच फुटतात. मग तांबूस नारिंगी रंगाच्या पिलांचा एक पुंजका पाण्यावर हिंडतांना दिसतो. त्याच्या खालीं आई-बाप पहारा करीत असतात, आणि जवळ येईल त्या वस्तूवर धांवून जातात. या वेळीं त्यांना धरणें अगदीं सोपें आहे, आणि म्हणूनच तें करूं नये. पहारा गेला कीं तो सबंध पुंजका इतर माशांच्या व पक्ष्यांच्या पोटांत जातो. नदीच्या डोहांत व गांवच्या तळ्यांत मरळ ही कोणा एकाची शत्रु नाहीं. ती तेथील पाण्याची मूळची रहिवासी आहे. आपल्या तळ्यांत ती नको, एवढ्यावरून तिचा सर्वत्र नायनाट करण्याचें कारण नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. पुष्कळ तलावांवर मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांस ठेक्यानें दिलेला असतो, आणि भोई समाजाचीं कित्येक कुटुंबें त्यावर उपजीविका करितात. अशा पाण्यावर जमीनदार शेतकऱ्यानें गंमत म्हणून गळ टाकणें उचित नाहीं. तेथें आधीं संस्थेची परवानगी घ्यावी. उलट, आपल्या तळ्यांतील मरळी काढण्यासाठीं याच लोकांना बोलाविलें आणि निघालेल्या माशांत वांटा दिला, तर काम अधिक लवकर होईल. दाटींतून मासा काढण्याची त्यांची नजर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि कागदावरील वर्णनापेक्षां त्यांच्याबरोबर एक सकाळ कांठावर बसणें हें अधिक शिकविणारें होय.

ज्या वाचकांच्या तळ्यांत यंदा बीज सोडावयाचें आहे, त्यांनीं मृगापूर्वीं किती मरळी निघाल्या आणि माघांत किती मासे मिळाले, हे दोन आंकडे लिहून ठेवावेत व आम्हांस कळवावेत. शेजाऱ्याच्या अशाच पण मरळी न काढलेल्या तळ्याचे आंकडे त्यासोबत मिळाले, तर फारच उत्तम. अशा आंकड्यांवरूनच, एक मरळ काढण्यास गेलेली सकाळ शेतकऱ्यास कितपत फळली, हें नक्की ठरवितां येईल.